कोकण रेल्वेचं एसीडी मोडीत काढलं, ते योग्य झालं का?

उक्षीकर

गैसल आणि रंगापाणी ही दोन्ही स्टेशनं एकाच मार्गावर आहेत, ईशान्य सीमा रेल्वेच्या कटिहार विभागात. गैसलला २ ऑगस्ट १९९९ ला अवध आसाम एक्स्प्रेस आणि ब्रह्मपुत्र मेल समोरासमोर आदळल्या, पावणेतीनशेहून जास्त माणसं गेली. रंगापाणीजवळ १७ जून २०२४ ला कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. या दोन तारखांच्या मधे याच ईशान्य सीमा रेल्वेवर टक्कर टाळणारं यंत्र बसलं, चाललं आणि अडगळीतही गेलं. ते यंत्र आपल्या कोकण रेल्वेचं होतं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसीडी म्हणजे अँटी कोलिजन डिव्हाइस. कोकण रेल्वेचे एमडी राहिलेले बी. राजाराम यांची ही कल्पना, गैसलनंतर पुढे आलेली. एक पेटी इंजिनात, एक गार्डच्या डब्यात, एक स्टेशनात, एक फाटकावर. प्रत्येक पेटीत जीपीएस आणि रेडिओ. साधारण तीन किलोमीटरच्या टापूतल्या पेट्या एकमेकींशी बोलायच्या, धोका दिसला की ड्रायव्हरला न विचारता ब्रेक लावायच्या. गाडी मधेच तुटली तर इंजिनातली आणि गार्डकडची पेटी यांच्यातलं अंतर वाढलेलं कळायचं. सिग्नलची तार, केबिन, पॅनल यातल्या कशाशीही संबंध नाही. मला वाटतं तीच त्यातली खरी हुशारी होती. माणूस चुकला, सिग्नल चुकला, तरी इंजिनं आपापसात बोलून थांबणार.

२००६ पर्यंत ईशान्य सीमा रेल्वेवर सतराशे किलोमीटरच्या आसपास हे बसलं. मग दुसऱ्या झोनमध्ये न्यायचं ठरलं, चाचण्यांत अडचणी आल्या, आणि २०११-१२ मध्ये आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्याच संशोधन आणि मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, टीकॅस नावाची वेगळी यंत्रणा हाती घेतली. तिचंच आज नाव कवच. प्रवासी गाडीवर तिची पहिली चाचणी फेब्रुवारी २०१६ ला, राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता जुलै २०२० ला. आणि २०२४ च्या मध्यावर देशभरात मिळून जेमतेम दीड हजार किलोमीटर, तेही जवळपास सगळं दक्षिण मध्य रेल्वेवर.

म्हणजे हातात असलेलं अर्धं-कच्चं यंत्र टाकून आपण पूर्ण यंत्राची वाट बघत बसलो. एसीडीत दोष होते, मान्य. दोष काढायचे असतात. माझं म्हणणं असं की ते टाकायलाच नको होतं, दुसरा थर म्हणून ठेवून सुधारायला हवं होतं. बोला.

पिवळा सिग्नल

उक्षीकर, धागा चांगला काढलात, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे. माझं आयुष्य सिग्नल खात्यात गेलं आणि एसीडीच्या बैठकांचा चहाही प्यायलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जुन्या दुहेरी मार्गावर दोन रुळमार्गांच्या मध्यांतलं अंतर ४.२६५ मीटर. साध्या जीपीएसची चूक त्या काळी दहा-पंधरा मीटर सहज असायची. म्हणजे गाडी अप लाइनवर आहे, डाउनवर आहे की लूपमध्ये (स्टेशनात बाजूला काढलेल्या लाइनवर), हे जीपीएसला कळायचा प्रश्नच नाही. राजारामसाहेबांना हे पुरतं ठाऊक होतं, ते काही भोळे नव्हते. म्हणून त्यांनी वेगळा मार्ग काढला. गाडी सांध्यावरून दुसऱ्या लाइनवर जाते तेव्हा तिची दिशा किंचित बदलते. ते वळण मोजायचं, किती वळणं झाली त्यावरून गाडी कोणत्या लाइनवर आली हे ठरवायचं. कागदावर सुंदर. पण मालगाडी लूपमध्ये सरपटत शिरताना वेग इतका कमी असतो की जीपीएसची दिशाच हेलकावे खाते. यार्डात लागोपाठ चार सांधे आले की मोजणी चुकते. एकदा चुकली की पुढची सगळी चूक, कारण नवी मोजणी जुन्या मोजणीवरच उभी असते.

परिणाम काय? दोन गाड्या शेजारच्या लाइनवरून बिनधोक एकमेकींना ओलांडताहेत, आणि पेटीला वाटतंय समोरासमोर आदळणार. लागला ब्रेक. भर सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधे, गाडी उभी. असं दोन-तीनदा झालं की ड्रायव्हर काय करतो? पेटी बंद करतो. मी असतो तर मीही केली असती. विनाकारण ब्रेक लावणारं सुरक्षा यंत्र शेवटी बंद अवस्थेतच सापडतं, आणि बंद यंत्र बसवलेलं असणं हे यंत्र नसण्यापेक्षा वाईट, कारण कागदावर ते असतं.

ईशान्य सीमेवर बरंचसं सिंगल लाइन, गाड्या विरळ. तिथे निभावलं. विजेच्या, ऑटोमॅटिक सिग्नलच्या, चार-चार लाइनच्या मार्गावर नेल्यावर ते उघडं पडलं. त्यात नवल काही नाही.

आणि एक. सिग्नलशी संबंध नाही ही तुम्ही हुशारी म्हणता. मी त्याला आंधळेपणा म्हणतो. ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला, तर एसीडीला ते कळणारच नाही, जोवर पुढे दुसरी पेटी सापडत नाही.

खवचट

चहा प्यायलात म्हणजे निर्णयात तुम्हीही होतात की काय? :)

बाकी मला या दोन्ही देशी देवांबद्दल प्रेम नाही. रेल्वे सुरक्षेवरच्या डॉ. अनिल काकोडकर समितीने फेब्रुवारी २०१२ च्या अहवालात स्वच्छ लिहिलं होतं की १९,००० किलोमीटरच्या मुख्य मार्गांवर युरोपच्या ईटीसीएससारखी (गाडीवर आपोआप नियंत्रण ठेवणारी) यंत्रणा पाच वर्षांत बसवा, खर्च २०,००० कोटी. समितीत श्रीधरनही होते, ज्यांनी कोकण रेल्वे बांधली. त्या दोघांना कळत नव्हतं आणि फाइल दाबून बसणाऱ्यांना कळत होतं, असंच ना? २०१७ ला काम संपायला हवं होतं. दिल्ली-मेरठ नमो भारत मार्गावर ईटीसीएस चालतेच आहे की, तीही एलटीई (मोबाइलच्या ४जीसारख्या) रेडिओवर. तयार माल बाजारात असताना घरी चक्की मांडायची हौस कशाला?

पिवळा सिग्नल

नमो भारतचा मार्ग बंदिस्त, गाड्या सगळ्या एका जातीच्या, सगळं नवं कोरं. तिथे काहीही बसेल. भारतीय रेल्वेचं इंजिन आज भुसावळला, परवा गुवाहाटीला. मार्गच पासष्ट हजार किलोमीटरच्या वर. खर्चाचं म्हणाल तर रुळालगतच्या आणि स्टेशनातल्या कवचला किलोमीटरमागे साधारण ५० लाख लागतात, इंजिनाला ८० लाख. ईटीसीएस याच्या कैकपट. काकोडकरांच्या अहवालातला आकडा मला तेव्हाही कमी वाटला होता. पण पाच वर्षांची मुदत घाला हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि तेच कुणी ऐकलं नाही.

उक्षीकर

पिवळा सिग्नल, तुमचा जीपीएसचा मुद्दा खरा असेल, तर अमेरिका मूर्ख ठरते. १२ सप्टेंबर २००८ ला कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला लोकल आणि मालगाडी समोरासमोर आदळून २५ जण गेले. पाच आठवड्यांच्या आत त्यांनी पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोलचा, म्हणजे धोका दिसला की गाडी आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेचा, कायदा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये काम पुरं केलं. त्यांच्या मालगाड्यांवर जी यंत्रणा सर्वांत जास्त चालते, ती गाडीची जागा जीपीएसवरूनच ठरवते. रुळांमध्ये ना टॅग ना चुंबक. मग तिथे शेजारच्या लाइनचा घोळ का होत नाही?

त्यांनी २००८ ला सुरुवात केली. आपण १९९९ ला केली होती.

पिवळा सिग्नल

अहो, कारण त्यांची यंत्रणा सांध्याला विचारते! तिथे प्रत्येक सिग्नलजवळ आणि सांध्याजवळ एक पेटी असते, ती रेडिओवरून सांगत राहते की माझा सिग्नल अमुक रंगाचा आहे, माझा सांधा तमुक बाजूला लागलाय. इंजिनातल्या संगणकाकडे मार्गाचा पूर्ण नकाशा. सुरुवातीला कोणत्या लाइनवर आहोत हे कर्मचारी स्वतः भरतात, पुढे सांध्याच्या निरोपावरून कळत जातं. जीपीएस फक्त ‘किती पुढे आलो’ एवढ्यापुरतं. ‘कोणत्या लाइनवर’ हे जीपीएस ठरवत नाही. एसीडीत तोच भाग वळण मोजून अंदाजाने व्हायचा. सगळा फरक तिथे आहे.

कवचने तिसरा मार्ग धरला. दोन रुळांच्या मधे स्लीपरवर आरएफआयडी टॅग ठोकलेले असतात, साधारण किलोमीटरला एक, शिवाय सिग्नलपाशी वेगळे. इंजिनाच्या पोटाखालचा अँटेना त्यावरून गेला की टॅग सांगतो, ‘तू अमुक लाइनवर, अमुक जागी आहेस.’ अंदाज नाही, मोजणी नाही. पुढच्या टॅगपर्यंतचं अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून. स्टेशनातलं कवच इंटरलॉकिंगला (सांधे आणि सिग्नल एकमेकांशी जुळवून ठेवणाऱ्या यंत्रणेला) जोडलेलं, तिथून रेडिओने इंजिनाला निरोप जातो की पुढे किती मोकळीक आहे.

यालाही डोकेदुखी आहे बरं का. रुळाखालची खडी ठोकणारं टॅम्पिंग मशीन आणायचं, खडी चाळायची, स्लीपर बदलायचा म्हटलं की आधी टॅग काढा, काम झालं की त्याच जागी तोच टॅग परत लावा. चुकून शेजारच्या लाइनचा लावलात तर यंत्रणेने ते पकडावं लागतं. गँगमनपासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना नवी शिस्त लागते, आणि सुरक्षा तिथे ठरते. दिल्लीच्या घोषणेने रुळावर काही बदलत नाही.

चिपसेट पुणे

सिग्नलकाकांना +१. मी वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, रेल्वेत नाही, पण सुरक्षेची गणितं तीच.

कवच एसआयएल-४ दर्जाचं आहे. ढोबळ अर्थ असा की धोकादायक बिघाड दहा कोटी तासांत एकदा किंवा त्याहून क्वचित. हे चाचणी घेऊन सिद्ध होत नाही, कारण दहा कोटी तास म्हणजे अकरा हजार वर्षं. ते रचनेतूनच सिद्ध करावं लागतं: दोन प्रोसेसर स्वतंत्रपणे तेच गणित करतात, उत्तर जुळलं तरच पुढे, नाहीतर सुरक्षित बाजूला पडायचं म्हणजे ब्रेक. आणि ही सिद्धता बनवणाऱ्याने करून चालत नाही, बाहेरचा स्वतंत्र तपासनीस लागतो.

इथे एसीडीची दुसरी अडचण दिसते, जिच्यावर इथे कुणी बोललं नाही. कल्पना कोकण रेल्वेची, पेटंट कोकण रेल्वेचं, विकणारीही कोकण रेल्वे. इतर झोननी तिच्याकडूनच घ्यायचं. कवचचं तपशीलपत्रक आरडीएसओचं आहे, त्याबरहुकूम कोणीही बनवावं आणि एकाची पेटी दुसऱ्याच्या पेटीशी बोलली पाहिजे. सुरुवातीला तीन कंपन्यांना मान्यता मिळाली: मेधा, एचबीएल आणि कर्नेक्स. गंमत म्हणजे कोकण रेल्वेबरोबर एसीडी बनवणारी हैदराबादची कंपनी हीच, कर्नेक्स. म्हणजे ‘संशोधन मारलं’ वगैरे म्हणताय ते तितकंसं खरं नाही. माणसं आणि शहाणपण पुढे आलंय. फक्त पेटीवरचं नाव बदललं.

उक्षीकर

नावही फार बदललं नाही हो. एसीडीचं बाजारातलं नाव ‘रक्षा कवच’ होतं.

पण चिपसेट, स्वतंत्र तपासनीस नव्हता म्हणून यंत्र टाकायचं, की तपासनीस आणायचा? २००६ ला सतराशे किलोमीटरवर खऱ्या गाड्या धावत असताना जगात कुणाकडे असा अनुभव होता? रोज शेकडो वेळा पेट्या एकमेकींशी बोलत होत्या. प्रत्येक चुकीचा ब्रेक ही नोंद होती. त्या नोंदी कुठे आहेत? कुणी अभ्यासल्या? सांध्याची माहिती जोडायची ही सुधारणा अमेरिकेने केली, आपल्यालाही सुचली असती.

इझारकाठची

म्युनिकहून लिहितेय, थोडा उशीर झाला.

उक्षीकरांच्या बाजूने एक उदाहरण. ९ फेब्रुवारी २०१६, बाड आयब्लिंग, माझ्या घरापासून फार लांब नाही. सिंगल लाइन, दोन लोकल समोरासमोर, १२ मृत्यू. जर्मनीत लाल सिग्नल ओलांडला की गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा १९३० च्या दशकापासून आहे आणि त्या मार्गावरही होती. मग झालं काय? नियंत्रकाने सिग्नल डावलून जायची खास परवानगी, ज्याला इथे झेडएस-१ म्हणतात, ती दिली. खास परवानगी दिली की यंत्रणा गप्प बसते, कारण परवानगी देणारा माणूस शहाणा आहे असं ती धरून चालते. तो ड्यूटीवर मोबाइलवर गेम खेळत होता, हे कोर्टात आलं. चूक कळल्यावर त्याने रेडिओवरून धोक्याचा इशारा द्यायचा प्रयत्न केला, पण तो ड्रायव्हरपर्यंत पोचलाच नाही.

तिथे दोन इंजिनं थेट एकमेकांशी बोलत असती तर? हा प्रश्न इथल्या डीएलआर या अंतराळ आणि वाहतूक संशोधन संस्थेलाही पडला होता, अपघाताच्या कितीतरी आधी. आरसीएएस नावाने त्यांनी गाडी ते गाडी रेडिओ आणि उपग्रहावरून जागा अशी यंत्रणा बनवून बव्हेरियातच चाचण्या घेतल्या. वर्णन वाचलं तर एसीडीचं सख्खं भावंड वाटेल. म्हणजे कल्पना वेडगळ नव्हती. उलट सिग्नलवर अवलंबून असलेली प्रत्येक यंत्रणा सिग्नल चालवणाऱ्या माणसाइतकीच शहाणी असते, हा दोष कवचलाही लागू आहे.

आणि रंगापाणीला तेच नाही का झालं? ऑटोमॅटिक सिग्नल बिघडले होते, ड्रायव्हरच्या हातात लाल सिग्नल ओलांडायचा कागद दिलेला होता.

पिवळा सिग्नल

बाड आयब्लिंगचा मुद्दा वजनदार आहे, टाळत नाही. पण दोन गोष्टी.

पहिली, कवचमध्ये इंजिन ते इंजिन थेट रेडिओ आहे. सेक्शनमध्ये समोरून किंवा मागून धडकेची शक्यता दिसली तर सिग्नलला न विचारता ब्रेक लागतो. एसओएस बटण दाबलं की आसपासच्या गाड्या थांबतात. राजाराम यांची मूळ कल्पना त्यात जिवंत आहे, फक्त तिच्याखाली टॅगचा भक्कम पाया घातलाय. म्हणून ‘दुसरा थर’ हवा म्हणणाऱ्यांनी तो थर कवचच्या पोटात आहे हे लक्षात घ्यावं. एकाच इंजिनात वेगवेगळ्या दोन पेट्या, दोन्हींना ब्रेक लावायचा अधिकार, आणि एक म्हणते जा, दुसरी म्हणते थांब, हा तमाशा कुणाला हवाय?

दुसरी, रंगापाणी. कवच असतं तर लाल सिग्नल ओलांडून पुढे जाताना वेगाला वेसण बसली असती. कागदावर सही कुणाचीही असो. आणि एसीडी असतं तर? ते फक्त दोन्ही गाड्यांत पेटी असेल तरच. मालगाडीचं इंजिन त्या झोनचंच असेल याची काय खात्री? एका झोनपुरतं एसीडी हे कधीच पूर्ण एसीडी नव्हतं.

भुसावळ शेड

इथे सगळे साहेब बोलतायत, एक ड्रायव्हरचंही ऐका. (आम्हाला आता लोको पायलट म्हणतात, पगार तोच.)

मालगाडी चालवतो. केबिनमध्ये आधीच एक पेटी आहे, व्हीसीडी. मिनिटभर हँडल, हॉर्न, ब्रेक कशालाच हात लावला नाही तर ती दिवा लावते, मग ओरडते, मग ब्रेक. जागा आहेस का एवढंच तिला कळतं. सिग्नल लाल आहे का हिरवा, तिला देणंघेणं नाही. उत्तरेत धुक्यात फॉग सेफ डिव्हाइस देतात, ते जीपीएसवालंच. पुढे अमुक सिग्नल येतोय, तमुक फाटक येतंय, बोलून सांगतं. उपयोगी आहे, शप्पथ. थंडीत खिडकीबाहेर मान काढून खांब शोधत बसण्यापेक्षा शंभरपट बरं. पण ते ब्रेक लावत नाही, म्हणून त्याचं दहा-वीस मीटर इकडे-तिकडे चालून जातं. पिवळा सिग्नल साहेब जे म्हणतात ते आम्हाला रोज दिसतं: सांगायला जीपीएस चालतं, थांबवायला नाही चालत.

कवच लागलेल्या सेक्शनवर चालवणारे मित्र सांगतात, सगळ्यात मोठा फरक पडद्याचा. पुढचा सिग्नल कोणत्या रंगाचा आणि किती लांब, ते केबिनमध्येच दिसतं. वळणाआड असो की पाऊस असो. फाटक आलं की शिटी आपोआप. ब्रेकची गोष्ट नंतरची, आधी डोक्याचा ताण कमी होतो. एसीडीत हे नव्हतं ना? मग कशाला रडायचं त्याच्यासाठी.

तक्रार एकच. इंजिनं हजारो, कवचवाली मोजकी. सेक्शनला कवच लागलं आणि माझ्या इंजिनाला नसलं, तर काय उपयोग?

कसारा फास्ट

अवांतर विचारतो. मुंबई लोकलला यातलं काय आहे?

पिवळा सिग्नल

एडब्ल्यूएस. कितीतरी वर्षं जुनी यंत्रणा, सिग्नलपाशी रुळात चुंबक, मोटरमनला केबिनमध्ये इशारा, दुर्लक्ष केलं किंवा वेग जास्त असला तर ब्रेक. रोजच्या प्रवाशांना तिचं नावही माहीत नाही, आणि ती निमूट काम करते. पुढे लोकलसाठी सीबीटीसी (रेडिओवरून गाड्या नियंत्रित करणारी यंत्रणा) आणायचं मुंबईच्या एमयूटीपी ३ए या रेल्वे प्रकल्पात ठरलं होतं, कारण मुंबईला टक्कर टाळण्याइतकंच दोन गाड्यांमधलं अंतर कमी करायचंय. तो वेगळा धागा काढा, इथे नको.

खवचट

बालासोरचं नाव कसं काय नाही निघालं अजून? २ जून २०२३, बहानगा बाजार, कोरोमंडल एक्स्प्रेस लूपमधल्या उभ्या मालगाडीवर आदळली. २९६ मृत्यू. त्या रात्रीपासून ‘कवच असतं तर’ सुरू झालं होतं.

पिवळा सिग्नल

कवच असतं तरी झालंच असतं. फाटकाच्या कामात सिग्नलच्या वायरी चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. सांधा लूपला लागलेला, इंटरलॉकिंग म्हणत होतं मेन लाइन, सिग्नल हिरवा. कवच इंटरलॉकिंगवर विश्वास ठेवतं, तेही हिरवंच म्हणालं असतं. इझारकाठच्या ताईंचा आक्षेप इथे मात्र शंभर टक्के लागू.

उक्षीकर

घ्या! तुम्हीच बोललात. मग इथे सिग्नलपासून स्वतंत्र असलेलं एसीडी कामाला आलं असतं ना? लूपमध्ये मालगाडी उभी होती, तिच्या इंजिनात आणि गार्डकडे पेटी असती.

पिवळा सिग्नल

नसतं आलं. कोरोमंडल १२८ च्या वेगात होती, म्हणजे सेकंदाला पस्तीस मीटर. सांध्यावरून वळेपर्यंत एसीडीच्या लेखी ती मेन लाइनवर, मालगाडी लूपमध्ये, धोका शून्य. वळण कळणार सांध्यावर. तिथून मालगाडीच्या शेपटीपर्यंत उरलं काय? पूर्ण ब्रेक लावूनही त्या वेगाला किलोमीटरच्या आसपास लागतं. आणि लूपमध्ये उभ्या गाडीमुळे सांध्याच्या अलीकडेच ब्रेक लावायचा म्हणाल, तर मग देशात कोणत्याही स्टेशनातून एकही गाडी वेगाने जाऊ शकणार नाही, कारण लूपमध्ये जवळपास नेहमीच कुणीतरी उभं असतं.

उक्षीकर

कोरोमंडलचं सोडा. तिचे डबे शेजारच्या लाइनवर गेले आणि यशवंतपूर-हावडा त्यांना लागली. त्या गाडीला इशारा?

चिपसेट पुणे

ती गाडी त्या वेळी तिथूनच जात होती हो, १२६ च्या वेगात. तिचे शेवटचे डबे सापडले. इशारा मिळून करणार काय?

इझारकाठची

दोन्ही बाजू एकेका अपघातावर आपापलं यंत्र लावून बघताय, त्यातून काही निघणार नाही. विजयनगरमला २९ ऑक्टोबर २०२३ ला एका पॅसेंजरने दुसरीला मागून ठोकलं, तिथे कवचने काम केलं असतं. बालासोरला दोन्ही यंत्रं निकामी. बाड आयब्लिंगला कदाचित एसीडी.

माझा प्रश्न उक्षीकरांना. खुद्द कोकण रेल्वेवर जे दोन मोठे अपघात झाले, २००३ चा वैभववाडीजवळचा आणि २००४ चा करंजाडीचा, ते दोन्ही पावसाळ्यात रुळावर आलेल्या दगडांनी झाले. टकरीने नव्हे. मग ज्या संस्थेची खरी अडचण डोंगर होती, ती दिल्लीला विकायला टक्कर-यंत्र का बनवत होती? आणि त्याच वेळी मडगावला स्कायबस, उंचावरच्या रुळाखाली लटकून धावणारी गाडी. २५ सप्टेंबर २००४ ला चाचणीत ती आदळून एक कर्मचारी गेला. एका वेळी किती आघाड्या?

उक्षीकर

प्रश्न बोचरा आहे, पण उलटाही बघा. डोंगरासाठीही तिथेच काम झालं. कापणीच्या उतारांवर जाळ्या, उतार कमी करणं, पावसाळी वेळापत्रकात कमी वेग, घाटात रात्रभर गस्त. गेल्या वीस पावसाळ्यांत करंजाडीसारखं दुसरं नाव आपल्याला घ्यावं लागलेलं नाही. त्याची बातमी होत नाही कारण दगड जाळीत अडकला ही बातमी नसते. मालट्रक रेल्वेवर चढवून नेणारी रोरो १९९९ ला तिथेच सुरू झाली. छोटी संस्था, हातात मोकळीक, वर बसलेला माणूस स्वतः खटपट्या. अशा ठिकाणी दहा गोष्टी करून बघितल्या जातात, चार फसतात. स्कायबस फसली, आणि एका माणसाचा जीव गेला हे विसरायचं नाही. पण त्या एका प्रकरणाने एसीडीचंही वजन घटलं असावं असं माझं मत आहे. राजाराम म्हणजे स्कायबसवाला, झालं.

आणि पिवळा सिग्नल, टीकॅसची सुरुवात होऊन पहिल्या दीड हजार किलोमीटरला बारा वर्षं लागली, त्याचं काय? ते यंत्र तर तुमच्या मते बिनचूक होतं.

पिवळा सिग्नल

बिनचूक कुठे म्हणालो? कवचची ४.० ही आवृत्ती जुलै २०२४ ला मान्य झाली, आधीच्यांत त्रुटी होत्या म्हणूनच. बारा वर्षांचा हिशेब मी तुमच्याइतक्याच रागाने मागतो. पैसे थेंबाथेंबाने सोडले, पुरवठादार तीनच, रेडिओचे टॉवर आणि केबल कोण टाकणार यावर पत्रव्यवहार. पण त्या उशिराचं खापर एसीडी बंद केल्यावर फोडू नका. एसीडी चालू ठेवलं असतं तर उशीर आणखी वाढला असता, कारण ‘काहीतरी बसलंय ना’ म्हणून कुणी घाईच केली नसती. २०२५ मध्ये मथुरा-कोटा मार्गावर ४.० सुरू झालं, दिल्ली-मुंबई आणि दिल्ली-हावडा मिळून तीन हजार किलोमीटरचं काम चालू आहे. म्हणजे ठरवलं तर होतं.

उक्षीकर

बरं, मग आजचं बोलू. आज हजारो इंजिनांवर आरटीआयएस बसलंय. इस्रोची मदत, गगन उपग्रह, गाडीची जागा दर तीस सेकंदांनी कळवतं. त्यावरच आपल्याला मोबाइलवर ‘गाडी कुठे आहे’ दिसतं. गगनची अचूकता जुन्या जीपीएसपेक्षा कितीतरी चांगली. कवच पोचायला अजून कित्येक वर्षं लागणार अशा हजारो किलोमीटरवर, तोवर या पेट्यांनी शेजारच्या इंजिनाशी बोलायला काय हरकत आहे?

पिवळा सिग्नल

तीस सेकंदांत कोरोमंडल एक किलोमीटर पुढे जाते. शिवाय ती माहिती इंजिनातून सर्व्हरला जाते, इंजिनातून इंजिनाला नाही. आणि गगन कितीही चांगलं असलं तरी बोगद्यात उपग्रह दिसत नाही. तुमच्या कोकण रेल्वेवरच्या करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात काय करणार?

भुसावळ शेड

साहेब, मधे बोलतो. ब्रेकचं राहू द्या. पुढे दोन किलोमीटरवर माझ्याच लाइनवर कुणीतरी उभं *असू शकतं*, एवढं जरी पडद्यावर आलं तरी मी वेग कमी करेन. लाइन चुकली तर चुकली, फुकट वेग कमी केला एवढंच. फॉगच्या पेटीवर चालतंच ना आमचं.

पिवळा सिग्नल

इशारा म्हणून असेल तर माझी हरकत नाही. पण दिवसातून वीसदा खोटा इशारा आला तर तुम्हीच तो बघायचं सोडाल.

भुसावळ शेड

वीसदा आला तर सोडेन. दोनदा आला तर नाही सोडणार. किती वेळा येतो ते आधी एका सेक्शनवर लावून मोजा की.

उक्षीकर

आणि या वेळी मोजलेलं छापा.